डावा गुडघा

बाबांच्या कपाटातल्या फायली काढायला बसले
तर भोसरीच्या शेडच्या वीजबिलांखाली
माझा गुडघा सापडला.
एमआरआयची फिल्म, तिला टाचलेलं बिल:
एक लाख चौऱ्याऐंशी हजार, दोन स्क्रूंसकट.
मागे पेन्सिलीनं बाबांचं अक्षर, ‘दिले’.
सगळ्याच बिलांवर लिहायचे ते.

चौदा वर्षांखालच्या संघात मी सात नंबर,
रेणुका धोत्रे अकरा.
ती दांडेकर पुलाकडून चालत यायची,
मी प्रभात रोडवरून गाडीनं.
अंतर काही फार नव्हतं तिचं,
पण मी पोचायचे तेव्हा माझे पाय कोरे असायचे.

तिचे बूट मामेभावाचे, पुढे पेपर कोंबलेला.
दर पाच मिनिटांनी तळहातावर थुंकून
बुटाचा तळ पुसायची, घसरायला नको म्हणून.
कठड्यावर बसलेल्या आया तोंड फिरवायच्या.
महिन्याभरात आम्ही सगळ्याच तसं करायला लागलो.
आमच्या बुटांना गरज नव्हती.
ती करते म्हणून.

तिची फी सरांनी माफ केली होती
आणि तसं सरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

मी मेहनत केली नाही असं नाही.
रविवारी वेगळे कोच, रोज चार उकडलेली अंडी,
मे महिन्यात बंगळुरूचं शिबिर.
गच्चीवर रिंग लावली; खालच्या केळकरांनी तक्रार केली
तर बाबांनी रबर अंथरून घेतलं.
हजार हजार शॉट मारलेत मी, दंड भरून येईपर्यंत.
फक्त, रिंगखाली बॉल परत द्यायला
कुणीतरी असायचं.
(आमचे ड्रायव्हर, काळूरामदादा. उंची त्यांचीही चांगली होती.)

रेणुका उजवीकडे बघायची आणि डावीकडून जायची.
एवढंच. पण कुणाला अडवता आलं नाही.
विचारलं तर म्हणाली,
‘समोरची माझ्या डोळ्यांकडं बघतीय ना,
मग बघू दे की.’

ऑक्टोबरात तिचा गुडघा गेला.
डिसेंबरात माझा.
दोन्ही डावे, दोन्ही त्याच कोपऱ्यात,
जिथं सिमेंटचा पोपडा उडाला होता.
माझ्यानंतर आठवड्यात कोपरा दुरुस्त झाला.

तिला आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज,
आणि ‘थोडे दिवस घरी बस’.
मला त्याच संध्याकाळी मशीन.
सहा महिने फिजिओ घरी येऊन.
मग राज्य स्पर्धा, तिचं प्रमाणपत्र,
प्रमाणपत्रावर कॉलेज,
कॉलेजवर पुढचं सगळं, हे घरसुद्धा.
दोन स्क्रूंवर बरंच काही उभं राहतं.

तिचे ते थोडे दिवस
कुठे संपले मला माहीत नाही.
मी विचारलं नाही.

ती भेटायला आली होती मला.
लिफ्ट बंद आहे, असं वॉचमन म्हणाला तिला.
बंद नव्हती.
चार मजले चढून आली, कठडा धरून, एकेक पायरी.
ग्लुकोज बिस्किटांचा पुडा आणला होता.
फिल्म खिडकीसमोर धरून म्हणाली,
‘आतून असं दिसतं होय?’
मग खुर्चीत बसली, पाय लांब केला
आणि फिल्म स्वतःच्या गुडघ्यावर ठेवली,
नीट सरकवून, वाटीवर वाटी.
‘बसलं बघ बरोब्बर.’
आम्ही दोघी हसलो. आईनं चहा आणला.

आज तीच फिल्म ट्यूबलाइटकडे धरली.
हाडाला आडनाव नसतं,
असं काहीतरी लिहावंसं वाटलं.
पण छापलंय की कोपऱ्यात,
बारीक, पांढऱ्या अक्षरांत:
माझं नाव, वय तेरा, डावा.
आडनावासकट.